सत्यभामेचं बोलणं

स्मिताच्या हाताखाली चुकीचं अक्षर टिकत नसे. कामोठ्यातल्या आपल्या फ्लॅटमध्ये, बेडरूमच्या खिडकीशी कॉम्प्युटर लावून ती टायपिंगची आणि प्रुफं तपासायची कामं करायची. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, सोसायटीच्या नोटिसा, अधूनमधून एखाद्या हौशी कवीचा संग्रह. काम देणारे म्हणायचे, मॅडमनी कागद पाहिला की पुन्हा बघायला नको. नवरा सुधीर कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे नोकरीला होता. तो गमतीनं म्हणायचा, हिच्यासमोर शिंकायचं तरी शुद्ध शिंकावं लागतं.

ही शुद्धता तिला आंदण मिळाली नव्हती. ती मंगळवेढ्याची. लग्न होऊन इकडं आली तेव्हा "लई", "न्हाई", "पानी हाय का" हेच तिच्या तोंडी होतं. वाशीला पहिली नोकरी लागली, तिथं एकदा फोनवर ती म्हणाली, "सायेब न्हाईत, भाईर गेल्यात." पलीकडच्या टेबलावरच्या बायका तोंडाला रुमाल लावून हसल्या. नंतर कितीतरी दिवस "ए भाईर, चहा घेणार का?" असं चाललं होतं. स्मिता घरी येऊन रडली नाही. तिनं जिभेलाच कामाला जुंपलं. बातम्या ऐकायच्या, पेपर मोठ्यानं वाचायचा, अंगणातलं गवत उपटावं तसा एकेक शब्द मुळासकट उपटायचा. आई फोनवर म्हणायची, "आगं, तू बोलतीस का त्यो बातम्यांचा रेडू बोलतोय?" स्मिताला तेव्हा ते कौतुकच वाटायचं. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

तर अशा या स्मिताकडे मोऱ्याचा धनेश घरत आला. उरणच्या मोरा बंदराजवळ त्यांचं घर. वडील गोटीराम लाँचच्या तिकीट खिडकीवर आयुष्य काढून निवृत्त झाले आणि त्या उन्हाळ्यात वारले. मागे एक कादंबरी लिहून ठेवली होती, मिठागरांवरच्या माणसांची. निळ्या शाईतले जाडजूड कागद धनेशनं दोन्ही हातांनी तिच्या टेबलावर ठेवले.

"बाबांची लय इच्छा होती, मॅडम. वर्षश्राद्धाला पुस्तक झालं पायजे. आईच्या हातात द्यायचंय."

स्मितानं काम घेतलं. तिची टायपिंगची रीत अशी की डोळे कागदावर, बोटं बटणांवर आणि मन कुकरच्या शिट्ट्यांवर. चाळणीतून धान्य खाली जावं तसे शब्द तिच्यातून जायचे. वाचायचं ते नंतर, प्रुफाच्या वेळी. सगळं टाइप झालं तेव्हा धनेश येऊन गेला. निघताना त्यानं विचारलं, "आता बाबांचे कागद लागनार नाय ना?"

"नाही. सगळं चढलंय."

"मग मी नेतो. रद्दीत जायला नकोत. बाबांच्या अस्थी सोडल्या तिथंच सोडीन."

पुढच्या अमावास्येला त्यानं ते कागद बापाच्या धोतरात बांधून खाडीत सोडले.

मग स्मिता प्रूफ वाचायला बसली, आणि पहिल्याच संवादाला तिच्या कपाळाला आठी पडली. "मना नाय ठाव." "पानी कवा सोरनार?" "गारी तिकरं उबी हाय." पानामागून पान असंच. तिला राग नाही आला. तिला गोटीरामांची कणव आली. भला माणूस, शिक्षण नसेल फारसं, कुणी सांगणारं नसेल. हे असंच छापलं तर लोक रुमाल तोंडाला लावून हसतील. मेलेल्या माणसाला कुणी हसावं हे तिला सोसेना. तिनं कॉम्प्युटरवर शोधून बदलायची खिडकी उघडली आणि एकेक शब्द घेतला. हायच्या जागी आहे. नायच्या जागी नाही. मना, तुना, पानी, गारी, सगळे. 'हायस्कूल'चं मधेच 'आहेस्कूल' झालं, ते तिच्या नजरेनं बरोबर पकडलं आणि तिला स्वतःचं बरं वाटलं. उरलेलं तिनं हातानं, ओळ न ओळ सरळ केलं. फाइल त्याच नावानं सेव्ह केली. नेहमी करायची तशीच.

प्रिंटरवर काढलेली कच्ची प्रत घेऊन धनेश घरी गेला. त्याची आई पुतळा हिला वाचता येत नव्हतं, म्हणून तो रोज जेवणानंतर तिला वाचून दाखवणार होता. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला.

"मॅडम, आई विचारते, ही मानसं कोन हायत?"

"म्हणजे?"

"दत्तू म्हनून जो हाय, तो आमचा चुलता. आई बोलते, यो दत्तू नाय. मधुकर म्हंजे बाबा सवता, तर बोलते हा तुझा बापूस नाय. सगले टीव्हीवर बातम्या देतात तसे बोलतात."

"मी फक्त चुका काढल्या," स्मिता म्हणाली.

धनेश अगदी हळू म्हणाला, "त्या चुका नव्हत्या, मॅडम."

फोन ठेवल्यावर आपण काय केलं ते स्मिताच्या लक्षात आलं. तरी अजून तिला वाटत होतं, जसं गेलं तसं परत आणता येईल. तिनं तीच खिडकी उघडली आणि सगळं उलटं फिरवलं. आहेच्या जागी हाय. नाहीच्या जागी नाय. धनेश रविवारी आला तेव्हा तिनं नवी प्रत त्याच्यापुढे ठेवली. त्यानं मधलंच एक पान उघडलं आणि वाचायला लागला, मोठ्यानं.

"'ही जमीन शासनाने संपादित केली हाय.' मॅडम, हा जमिनीचा साहेब. बाबांनी नागपूरचा दाखवलाय." त्यानं पान उलटलं. "'लग्नात मानाचा हायर आला.' हायर?"

"आहेर," स्मिता पुटपुटली. "ते चुकून…"

"आदी तुमी आमाला मुकं केलं," धनेश म्हणाला. "आता आमचं सोंग आनलंय." तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं प्रत नीट बंद केली, टेबलावर सरळ ठेवली आणि चहा न घेता गेला.

त्यानंतरचे दिवस स्मितानं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. पनवेलच्या दुरुस्तीवाल्याकडे ती कॉम्प्युटर घेऊन गेली. त्यानं दोन दिवस ठेवून घेतला आणि म्हणाला, जुनं काहीच उरलेलं नाही, त्याच फाइलवर इतक्या वेळा सेव्ह केलंय तुम्ही. ती डोळे मिटून आठवायला बघायची. हे सगळं आपल्या बोटांतून गेलंय, एकेक अक्षर आपण दाबलंय, मग एक तरी ओळ आठवावी! आठवायच्या त्या फक्त तिनं सुधारलेल्या ओळी. मूळ ओळींच्या जागी कुकरच्या शिट्ट्या आठवायच्या. तिनं हातातली लग्नपत्रिकांची कामं परत केली. जेवायला बसली की घास तोंडात फिरत राही.

"अगं, माणूस गेला, कागद पाण्यात गेले," सुधीर एकदा वैतागून म्हणाला. "आता तू काय खाडीत उतरणार आहेस?"

"उतरले असते," ती म्हणाली, "मिळणार असते तर."

शेवटी ती उरणची बस धरून मोऱ्याला गेली. धनेश कामावर होता. ओट्यावर पुतळा सुकट निवडत बसली होती. काष्ट्याचं लुगडं, कपाळावर गोंदण, राकट हात. स्मितानं आपलं नाव सांगितलं. म्हातारी शिव्या देईल, दार लावून घेईल, ही सगळी तयारी तिनं बसमध्ये केली होती. पुतळानं सूप बाजूला सारलं आणि म्हणाली, "या. बसा. आपण… पाणी घेणार का?"

तो 'ण' उच्चारताना तिची मान किंचित पुढं आली. जीभ टाळूपर्यंत उचलताना जो प्रयास पडतो तो स्मिताला ओळखू आला. वाशीच्या ऑफिसात तिनं तो रोज केला होता. आपल्याला बघून ही बाई असं बोलते आहे, आपल्या भीतीनं बोलते आहे, हे कळलं आणि तिला ओट्यावर उभं राहवेना.

"मावशी, माझ्याशी असं नका बोलू. घरात बोलता तसं बोला. मी पण तसलीच आहे. आमच्याकडं बी… आमच्या हिकडं बी समदं आसंच हाय की."

तिच्याच कानाला ते खोटं लागलं. टीव्हीवरची नटी गावरान बोलते तसं, नेमकं तसंच. पुतळा टकामका बघत राहिली आणि मग तिला हसू फुटलं. हसता हसता पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "नको गो बाय, तू तुज्यावानीच बोल. बस खाली."

त्या दिवसापासून स्मिता जमेल तेव्हा मोऱ्याला जायला लागली. कधी धनेश असायचा, कधी नसायचा. पहिले काही दिवस त्यानं तिच्याशी बोलणंच टाकलं होतं. पण आई तिला जेवायला वाढते म्हटल्यावर तोही हळूहळू ओट्यावर येऊन बसायला लागला. स्मिता एक ओळ वाचायची, पुतळा ऐकायची आणि तो माणूस तसं बोलला असता का ते सांगायची.

दत्तूचं तसं सोपं गेलं. खरा दत्तू, गोटीरामांचा चुलतभाऊ, अजून हयात होता आणि सकाळभर धक्क्यावर बसायचा. स्मिता त्याच्याजवळ जाऊन नुसती ऐकत बसली. पण तिनं ऐकलेलं सगळंच्या सगळं ओळीत भरलं, प्रत्येक शब्द वाकवला, आणि धनेशला वाचायला दिलं तर तो दुसऱ्याच ओळीला अडखळला. "मॅडम, मी घरात हेच बोलतो, आनि मलाच वाचता येईना. वाळूतून चालल्यासारखं होतंय." मग त्यांनी निम्मं काढून टाकलं. एका ओळीत एखादाच शब्द ठेवला, पण जिथं दत्तू जोर देतो तिथंच. तसं वाचल्यावर पुतळा सुकट निवडायची थांबली. "आता आयला तो," ती म्हणाली.

मधुकरचं, म्हणजे गोटीरामांचं, जास्त किचकट निघालं. पुतळा एका ओळीला हो म्हणायची, पुढच्या ओळीला नाही. स्मिताला त्यातली मेख सापडेना. एके दिवशी ती काकुळतीला येऊन म्हणाली, "मावशी, एकदा ठरवा ना, गोटीरामकाका 'हाय' म्हणायचे का 'आहे'?"

"कुनाशी बोलताना?"

"म्हणजे?"

"अगो, मानूस येकाच तोंडानं दोन घरी बोलतो काय? खिरकीवर सायब आयला की यो 'आहे, आहे' करायचा. घरान पाय टाकला की हाय. आनि माज्याशी भांडला की परत आहे!" पुतळा हसली आणि सुपातली सुकट हलवायला लागली. "लय भांडायचा आहेमधी."

स्मितानं त्या रात्री घरी जाऊन मधुकरची पानं पुन्हा पहिल्यापासून घेतली. प्रत्येक ओळीला विचारायचं, समोर कोण उभं आहे. काम पुढं सरकत होतं. वर्षश्राद्ध जवळ येत होतं. आणि ती एक प्रकरण मुद्दाम मागे ठेवत होती.

ते सत्यभामेचं प्रकरण होतं. सत्यभामा म्हणजे गोटीरामांची आई, पुतळाची सासू. मिठागराची मोजणी करायला साहेब येतो, पुरुषमाणसं माना खाली घालून उभी राहतात आणि ही म्हातारी बांधावर चढून बोलायला लागते. पानभर बोलते. साहेब टेप गुंडाळून त्या दिवसापुरता मागे फिरतो. स्मिताच्या हातात आता होती ती पहिली, सरळ केलेली प्रत, आणि त्यात ते पानभर बोलणं या थाटाचं: "हे आगर माझ्या सासऱ्यांनी बांधले आहे. येथील प्रत्येक ढेकूळ आम्ही डोक्यावरून वाहिले आहे. आपण येथून जावे."

तिनं ते वाचलं. पुतळानं पूर्ण ऐकून घेतलं.

"'जावे' बोलली असती तर सायब हसला असता," ती म्हणाली. "सायब मागं फिरला व्हता."

"मग कशा बोलायच्या त्या?"

पुतळानं तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं, दोन शब्द बोलली, मान हलवली. "नाय." पुन्हा एकदा प्रयत्न केला. "नाय गो. ही मीच बोलते."

सत्यभामा या गावची नव्हती. रेवदंड्याकडच्या एका वाडीतून ती लग्न होऊन आली, आणि शेवटपर्यंत तिकडचंच बोलली. हेल वेगळा, शब्द वेगळे; गावात तसं दुसरं कुणीच बोलत नसे. पुतळाला तिची संगत मिळाली ती लग्नानंतरची दोन-तीन वर्षं, आणि ती सगळी भीतीत गेली. "तिच्याफुरं मान वर करून ऐकलंच नाय मी. काम सांगेल तेवरं ऐकायचं." चुलता दत्तू तर लहानपणापासून बोटीवर, त्याच्याही कानात ती उरली नव्हती. "ह्या धनेशच्या बापालाच यायचं तिच्यावानी बोलायला. कवा लहर आली की आयशीचं सोंग करायचा, आमी हसून लोळायचो." तिनं स्मिताकडे पाहिलं. "त्यानं लिवलं व्हतं ना ते?"

"हो," स्मिता म्हणाली. "पानभर."

धनेशनं रजा टाकली आणि तो स्मिताला गाडीवर मागे बसवून रेवदंड्याला घेऊन गेला. वाडी होती तिथं पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्या होत्या. सत्यभामेच्या माहेरचा एक नातू पुढच्या गल्लीत सापडला. मोबाइल रिचार्जचं दुकान चालवायचा. "आत्याआजी का? नाव ऐकलंय," तो म्हणाला. "फोटोपण नाही आमच्याकडे." त्याच्या घरात एक फार म्हातारी बाई खाटेवर होती, तिला ऐकूच येत नव्हतं, आणि ती कुणाशी बोलतही नव्हती. स्मिता तिच्या उशाशी बराच वेळ बसली. बाईनं एकदा तिचा हात हुंगला आणि कूस बदलली.

परतल्यावर स्मिता हट्टाला पेटली. ते पान तिनं स्वतः लिहायला घेतलं. एकदा लिहिलं, पुतळाला वाचून दाखवलं, नाही. पुन्हा लिहिलं, नाही. तिसऱ्या वेळी धनेशच म्हणाला, हा तर दत्तूकाका लुगडं नेसून आलाय. मग एका दुपारी, सुधीर कामावर गेलेला, कपडे वाळत घालायचे तसेच पडलेले, तिच्या हातून एका दमात अख्खं पान उतरलं. तिनं थांबून विचार केला नाही. हे जमलं, असं तिला आतून वाटलं. तशीच बस पकडून ती मोऱ्याला गेली.

पुतळानं डोळे मिटून ऐकलं. या वेळी तिनं मधेच मान हलवली नाही. शेवटची ओळ संपल्यावर म्हणाली, "बाई खरी हाय."

स्मिता पुढं सरकली.

"पन माजी सासू नाय ही. ही कोन?"

स्मितानं हातातल्या कागदाकडे पाहिलं. "आरं, कशापाई आलाईस बाबा हितं? ज्येच्या तुकड्यावर मी जलम काडला…" ही मंगळवेढ्याची होती. हे तिच्या आईचं बोलणं होतं, जसंच्या तसं, तो 'बाबा' म्हणताना लांबवलेला शेवटसुद्धा. इतक्या वर्षांत आई तिच्या कानात कधी आली नव्हती, स्वप्नातही ती छापील बोलायची. ती आता आली होती, दुसऱ्या कुणाच्या तरी बांधावर.

"माझी आई," ती म्हणाली, आणि ओट्यावरच बसून ढसाढसा रडली. पुतळानं तिच्या पाठीवर हात ठेवला, पण समजूत घातली नाही. रडणं ओसरल्यावर स्मितानं कागद चार ठिकाणी फाडला. तो तिथं ठेवून चालण्यासारखं नव्हतं. खाडीकाठच्या म्हातारीच्या तोंडी माणदेशी बाई बसवली तर तो तिसरा गुन्हा झाला असता.

"मग आता काय करू, मावशी?"

"गप ठेव तिला," पुतळा म्हणाली. "खोटं बोलन्यापरीस गप बरी."

"पण त्यांनी पानभर लिहिलं होतं हो!"

"लिवलं व्हतं. हाय काय आता तुज्याजवल?"

स्मितानं त्या पानावरचं अवतरणचिन्हांतलं सगळं बोलणं पुसलं. त्या जागी एकच ओळ लिहिली: 'सत्यभामा बांधावर चढून बोलली, आणि साहेब टेप गुंडाळून मागे फिरला.' सगळ्या पुस्तकात स्मिताची स्वतःची अशी ती एवढीच ओळ.

वर्षश्राद्धाच्या आदल्या रविवारी गावातल्या देवळाच्या सभागृहात प्रकाशन झालं. उरणच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी भाषणाला आले होते. त्यांनी दत्तूचे संवाद वाचून दाखवले तेव्हा माणसं खळखळून हसली. त्यात टिंगल नव्हती. खरा दत्तू पुढच्या रांगेत लाजून खाली बघत होता. मधुकर घरी येऊन बायकोशी भांडतो ते वाचलं तेव्हा पुतळानं पदर तोंडाला लावला. स्मिता मागच्या भिंतीशी उभी होती. धनेशनं तिचं नाव आभारात घेतलं नव्हतं, आणि घ्यावं असं तिलाही वाटत नव्हतं.

शेवटाकडे गुरुजींनी सत्यभामेचं पान काढलं. "इथं लेखकाची खरी कमाल आहे," ते म्हणाले. "म्हातारी काय बोलली हे गोटीरामांनी सांगितलंच नाही! दुसऱ्या कुणी पानभर भाषण लिहिलं असतं. न सांगता सांगणं म्हणतात ते हे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या सुधीरनंही वाजवल्या, आणि मग बायकोच्या चेहऱ्याकडे लक्ष गेल्यावर हात खाली घेतले.

गर्दी पांगल्यावर पुतळा प्रत मांडीवर घेऊन खुर्चीत बसून होती. स्मिता तिच्याजवळ गेली आणि खाली जमिनीवर बसली. पुतळानं तिला ते पान उघडायला सांगितलं आणि सत्यभामेची ओळ कुठं आहे ते विचारलं. स्मितानं बोट ठेवलं. म्हातारीनं आपलं बोट त्या ओळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. ओळ आखूड होती, बोट लगेच संपलं.

"बोलायची ती," पुतळा म्हणाली. "लय बोलायची."